चार बोटे जाडीची साक्ष

वाचकहो, खऱ्या वस्तूकडून खोटी साक्ष देववता येते का? येते. मी रस्त्यातून कापून काढलेला डांबराचा एक गोल तुकडा बोलतो आहे. घेर तळहातावर मावेल एवढा, जाडी चार बोटे. माझ्या अंगातली खडी चांगली, डांबर चांगले, दाबही चांगला. मी अंतर्बाह्य खरा आहे, आणि म्हणूनच खोटे बोलणाऱ्याला माझी गरज पडली.

रस्ता तयार झाला की त्याची जाडी तपासण्यासाठी यंत्राच्या गोल पात्याने त्यातून असा तुकडा काढतात. तो कोठून काढायचा हे तपासणाऱ्याने ठरवावे, रस्ता करणाऱ्याने नव्हे, असा नियम आहे. आमच्या शहरात तपासणारे अभियंता साहेब, आणि रस्ता करणारा त्यांचा मेहुणा. बाजाराकडे जाणारा रस्ता त्याने केला, तेव्हा साहेबांच्या घराच्या फाटकासमोर तेवढे चार बोटे जाड डांबर घातले. "ताईच्या दारात तरी नीट घालतो, नाहीतर ती मला पानावरून उठवेल," असे तो म्हणाला आणि दोघे हसले. उरलेल्या रस्त्यावर दीड बोट डांबर पडले. मला कापले ते त्या फाटकासमोर.

पुढे पालिकेने शहरातल्या लोकांच्या सभेपुढे ठराव आणला. पेट्रोल आणि डिझेलवर थोडा कर वाढवावा आणि ती रक्कम केवळ रस्त्यांवर खर्चावी. पहिला रस्ता इस्पितळाचा. सभागृह भरले. आधीचा रस्ता कसा झाला याचा नमुना म्हणून मला हिरव्या कापडावर मांडले.

एक किराणा दुकानदार सर्वांत आधी उठला. डिझेल चढले की मिठाच्या पुडीपर्यंत सगळे चढते. ज्याच्या घरी सायकलही नाही त्याने दुसऱ्याच्या गाडीसाठी रस्ता का पोसावा, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर द्यायला उठला तो मालवाहू टेम्पो चालवणारा एक माणूस. आवाज मोठा म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. त्याच्या आईची हाडे ठिसूळ झाली होती आणि दर आठवड्याला तो तिला टेम्पोत गादी घालून इस्पितळात नेत असे.

"कर नको म्हणता," तो म्हणाला, "मग खड्ड्यांत गाडीचे पाटे तुटतात ते काय फुकट बसवून मिळतात? आणि माझ्या आईला दणका बसला की ती ओरडत नाही. ओठ चावते. तिचे ओठ बघा एकदा, मग बोला."

मग तो साहेबांकडे वळला. मला उचलून त्याने बाजूला आपली चार बोटे लावून पाहिली.

"साहेब, हा तुकडा कुठला?"

"बाजार रस्त्याचा. मधोमध काढलाय."

"सगळीकडे एवढाच जाड?"

"देवाशपथ," साहेब म्हणाले.

भोंग्याने मला दोन्ही हातांनी परत ठेवले, देवापुढे काही ठेवावे तसे. मग त्याने आपल्या टेम्पोवाल्या साथीदारांना हात वर करायला सांगितले. त्यांनी केले. दुकानदारानेही, कुरकुरत का होईना, हात वर केला. ठराव मंजूर झाला.

कर घेणे पाप नाही. ज्याला दहा जणांचे ओझे एकट्याला उचलवत नाही, त्याने दहा जणांचे हात मागावेत. त्यात कमीपणा कसला? लोकांनी दिले. पंपावर शिव्या घातल्या, पण दिले. पैसे देणाऱ्यांनी वचन पाळले, घेणाऱ्यांनी नाही. इस्पितळाचा रस्ताही मेहुण्यालाच मिळाला, आणि तिथे साहेबांचे फाटक नव्हते.

मी तेव्हा साहेबांच्या टेबलावर कागद दाबून बसलो होतो. नव्या रस्त्याच्या पहिल्या दिवशी भोंगा पेढ्यासारखा गोड चेहरा करून आला आणि सांगून गेला, "साहेब, आई म्हणाली, आज गाडीत डोळा लागला रे." साहेबांनी मान हलवली. ते मला बोटाने टेबलावर गरगर फिरवत होते.

दोन पावसाळ्यांत त्या रस्त्याची साल निघू लागली. एका सकाळी, रस्ता सपाट आहे या भरवशावर चाललेल्या टेम्पोचे चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले. म्हातारीचे खुब्याचे हाड मोडले. ती घरी अंथरुणावर पडून राहिली. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, वासाने खोलीत उभे राहवेना. मुलगा तिच्या जखमा धूत असे आणि ती त्यालाच विचारत असे, "तुला लागलं नाही ना रे?" हिवाळा संपायच्या आत ती गेली. तिला न्यायला चार खांदेही जमेनात. साथीदार दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "हात वर करायला तूच सांगितलंस ना भोंग्या? मग आता खांदाही तूच दे." फसवणाऱ्यापर्यंत ज्यांचा हात पोहोचत नाही, ते आपल्या शेजारच्या फसलेल्यालाच मारतात. माणसांची ही रीत मी जवळून पाहिली आहे.

त्यानंतर भोंग्याचा तो मोठा आवाज कोणी ऐकला नाही. टेम्पो त्याने विकला.

साहेबांच्या तपासणीची चौकशी झाली. मेहुण्याने तोवर गाशा गुंडाळला होता. आपली तपासणी चोख असते याचा पुरावा म्हणून साहेबांनी बाजार रस्त्याचा तुकडा, म्हणजे मला, पुन्हा टेबलावर ठेवले. अधिकाऱ्यांनी मला मोजले आणि समाधान मानले. साहेब निर्दोष सुटले, सन्मानाने निवृत्त झाले. मला शिपायाने सभागृहाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली अडकवले. आज मी तिथेच आहे. लोक मला लाथेने सरकवतात. माझी तक्रार नाही. दार अडवणे हे निदान खरे काम आहे.

तिथूनच मी शेवटची सभा पाहिली. साहेबांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला इस्पितळात जावे लागे, आणि त्या आजारात हाडेही ठिसूळ होतात. दोघांनी धरून त्यांना आत आणले. इस्पितळाचा रस्ता नव्याने करावा, त्यासाठी इंधनावरचा कर आणखी वाढवावा, अशी त्यांनी विनंती केली. बोलताना मध्येच थांबत होते. ते सांगत होते त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

मागच्या रांगेतून भोंगा उठला. आवाज इतका हळू, की पुढच्यांना वळावे लागले.

"रस्ता पाहिजेच, साहेब. आम्हालाही पाहिजे. पण तुमच्या तोंडून मागितलेला नको."

ठराव मताला टाकला. एकही हात वर गेला नाही. दुकानदाराने उलट सूचना मांडली आणि जुना करही रद्द झाला. त्या रागात शहराने स्वतःच्याही पायावर धोंडा पाडून घेतला. इस्पितळात सगळ्यांनाच जावे लागते. पण एकदा खचलेला विश्वास डांबर ओतून भरता येत नाही.

चौकशीने साहेबांना शिक्षा केली नाही. देवाने त्यांना मरण दिले नाही. आठवड्यातून तीनदा त्यांना गाडीत आडवे घालतात आणि त्या रस्त्याने नेतात, आणतात. गेल्या महिन्यात बरगडी मोडली, या महिन्यात मनगट. डॉक्टर म्हणतात, उपचार असेच चालू ठेवले तर ते आणखी बरीच वर्षे जगतील.