छाटातल्या बिड्या

अश्वजितने कापसाची बारीक वात तारेच्या वेटोळ्यातून ओढून घेतली, दोन्हीकडची टोकं कातरली आणि कैची आईच्या सुपात परत टाकली. कैची तिचीच, तेंदूची पानं कापायची. मालनबाईने ती उचलून पदराला पुसली. बाकी तिचे हात थांबले नव्हते. पान, तंबाखू, वळण, दोरा.

तो तिला टाकी म्हणायचा. टाकी कसली, अंगठ्याच्या पेराएवढी काचेची डबी. बुडाशी ते तापणारं वेटोळं, भोवती वासाचा रस भरायची जागा, खाली हवेचं भोक, आणि सगळं बॅटरीच्या दांड्यावर फिरवून बसवलेलं. सरकारने हे ई-सिगरेटचं यंत्र विकायला बंदी घातलेली. पोराने पुण्यात कुणाकडून तरी चोरून विकत घेतलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरने बापाच्या, डोमाच्या, छातीचा फोटो उजेडात धरला होता आणि सांगितलं होतं, बिडी सुटली नाही तर पुढचा हिवाळा धरून चालू नका.

"डॉक्टरनं हे ओढाले सांगतलं का?" मालनबाईने विचारलं.

"बिडी बंद करा म्हणाला ना तो?"

"मी इचारून राहिली ते येगळं हाये."

अश्वजितने भोवतीच्या जागेत पेरूच्या वासाचा रस ओतला. टाकीचं झाकण फिरवलं आणि ती बापाच्या हातात दिली.

डोमा बाजेवर बसला होता. दारात शेजारचा नत्थू टेकला होता, अड्याळच्या बाजारात बिनपैशाचा तमाशा पाहावा तसा. डोमाने ओढलं. गुडगुड झाली आणि रस खालच्या भोकातून त्याच्या लुंगीवर सांडला.

"गड्या, हे तं आंगावर मुतते," नत्थू म्हणाला.

"कापूस कमी पडला." अश्वजितने जुना कापूस उपटून नवा भरला, जरा जास्त.

या वेळी सांडलं नाही. पण डोमाने ओढ घेतली, लगेच दुसरी घेतली, तिसरी घेतली, दम न खाता. बिडी हातात धरून बसलं की विझते. ती जिवंत ठेवायची तर ओढतच राहावं लागतं. जन्मभर त्याने तेच केलं होतं. जळक्या चिंधीचा वास आला आणि तो गुडघ्यांवर हात टेकून खोकायला लागला. आधी कोरडं, शेवटी ओलं. मालनबाईचे हात पहिल्यांदा थांबले.

"कायले एवढं ओढता, बाबा? कापूस सुकून जळला ना. हे विझत नाही."

"विझत नाही मनजे?" श्वास सापडल्यावर डोमाने विचारलं. "मंग मानसाले समजन कसं, सरली म्हनून?"

नत्थू हसला. पोराला हसू आलं नाही. संध्याकाळच्या गाडीने त्याला निघायचं होतं. त्याने पुन्हा कापूस घातला, टोकं बोटाने मोकळी केली, हवेचं भोक अर्धं मिटवलं.

"एकच ओढ. मंग हात खाली."

डोमाने एक ओढ घेतली आणि हात मांडीवर ठेवला. पेरूचा वास घरात पसरला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मालनबाईला हे थांबणं ओळखीचं होतं. कारखान्यात चेकर तिने बांधून नेलेल्या कट्ट्यातली बिडी उचलतो, दाबतो, डोळ्यापुढे धरतो. बरी असली की बाजूला. तोंड नीट मोडलं नसलं, पानाला सुईएवढं भोक असलं, भरण पोचट असली, की तिच्या अंगावर. ती छाट. तिचे पैसे नाहीत. फेकायची कशी, म्हणून ती कोनाड्यात यायची आणि कोनाड्यातून डोमाकडे. लग्न झाल्यापासून त्याने दुकानातून बिडी घेतली नव्हती. गाव हेवा करायचं, बायको घरबसल्या पुरवते म्हणून. तिच्या हातची चांगली बिडी कुण्या परक्याने ओढली, तिला ठाऊक नाही. बिघडलेली प्रत्येक तिच्या नवऱ्याने ओढली होती.

"सांगा ना," अश्वजित म्हणाला. "घशाले लागते का?"

"लागते. बिडीवानी नाही, पन लागते." डोमाने टाकी बोटांत फिरवली. "पास हाये. छाटात नाही जात."

अश्वजितने सुस्कारा सोडला. "मंग कोनाड्यातल्या आताच फेक, आई. माह्यासमोर. मी गेलो की पुन्हा तेच सुरू होते."

मालनबाई उठली. छाटाचं पुडकं काढलं. नत्थूचा हात तोवर पुढे आलाही होता.

"फेकता कायले, वैनी? मले द्या. डोमाभाऊ सुधरला तं मी बिघडतो." आपल्याच बोलण्यावर तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. आधी कोरडं, शेवटी ओलं.

तिचा हात त्याच्याकडे निघाला होता. तो मध्येच वळला आणि पुडकं चुलीत गेलं, भात शिजणाऱ्या गंजाखालच्या निखाऱ्यांवर.

"पाह्य बाप्पा, जाळल्या," नत्थू म्हणाला. "तुमाले माह्यापेक्षा चूल जवळची."

"हो," ती म्हणाली, आणि सुपाशी येऊन बसली.

पुडकं पेटलं. धूर निळा होता, जड. आढ्याला लागला आणि तिथून खाली उतरला. अश्वजित डोळे पुसत पिशवी घेऊन अंगणात गेला. मागोमाग नत्थूही कुरकुरत गेला.

डोमाने टाकी उशाशी जपून उभी ठेवली. मग तो बाजेवरून उठला, भिंत धरत धरत आला आणि चुलीपुढे, त्या निळ्या धुरात, बसला.

"थंडी वाजून राहिली," तो म्हणाला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मालनबाईने मान वर केली नाही. त्याला जागा व्हावी म्हणून तिने सूप जरासं आपल्याकडे ओढून घेतलं.