सासरेबुवांनी किल्ला अडवला

चौथ्या खेपेला सासऱ्यांना गाडी चालवायचा परवाना मिळाला, तेव्हा जावयाला आनंद झाला आणि त्याच क्षणी धास्तीही वाटली. आनंद अशासाठी की शिकवणारा तोच होता; त्याचा धंदाच गाडी शिकवण्याचा. धास्ती अशासाठी की आता सासरे खरोखरच गाडी चालवणार होते.

सासरे लिफ्ट-तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. सगळी उमर वर आणि खाली जाण्यात गेलेली, त्यामुळे आडवं जायचं म्हटलं की गडबडायचे. शिवाय जावई इतर विद्यार्थ्यांवर जसा खेकसायचा तसा त्यांच्यावर खेकसू शकत नव्हता. दुसऱ्या कुणी भर चौकात गाडी बंद पाडली तर तो म्हणायचा, "झोपलात काय?" सासऱ्यांनी बंद पाडली की म्हणायचा, "हरकत नाही, बाबा, इथून देखावा छान दिसतो." सासऱ्यांचंही एक तंत्र होतं. घरात ते त्याला जावईबापू म्हणत, पण सीटवर बसून पट्टा लावला की सर. "सर, दुसरा गिअर टाकू का?" अशा सुरात, की जावयाला उगाच घाम फुटायचा.

परवाना हातात पडताच सासूबाईंनी आपली इच्छा बोलून दाखवली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर एक टेकडी दिसायची आणि टेकडीवर किल्ला. इतकी वर्षं भांडी घासताना तो किल्ला डोळ्यांसमोर. वर मात्र एकदाही जाणं झालं नव्हतं. बस पायथ्याशीच सोडते आणि सासूबाईंचे गुडघे पायथ्यालाच राजीनामा देतात.

"रविवारी किल्ल्यावर," सासऱ्यांनी जाहीर केलं. "गाडी मी चालवणार."

शनिवारी बायकोने जावयाला बजावलं, "उद्या तू सर नाहीस. उद्या तू जावई. गाडीत एक शब्द बोलायचा नाही. बाबांना आईसमोर एकदा तरी सुखाने गाडी चालवू दे."

"एकही नाही?"

"देखावा छान आहे, एवढं म्हटलंस तर चालेल."

रविवारी पानगळीतला अगदी हवाहवासा वाटणारा दिवस उजाडला. हवेत गारवा, ऊन कोवळं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळीजर्द झाडं, शेतात लालभडक भोपळ्यांचे ढीग. जावयाला यातलं काहीच दिसलं नाही. त्याच्या शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा. सासऱ्यांच्या या गाडीत तिथे नुसती रबरी चटई होती. तो ती चटई जीव खाऊन दाबत होता. मागे सासूबाई मांडीवर डबा आणि थर्मास घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक वळणाला त्या म्हणायच्या, "अहो, जरा हळू," आणि गाडी आधीच इतकी हळू होती की एक मेंढपाळ आपल्या मेंढ्यांसकट त्यांना मागे टाकून गेला. जाताना त्याने टोपी काढून नमस्कारही केला.

"देखावा छान आहे," जावई म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

टेकडीचा घाट मात्र सासऱ्यांनी झकास चढवला. चढणं हा त्यांचा प्रांत. शेवटच्या वळणावर गाड्या उभ्या करायची मोकळी जागा होती, तसा फलकही होता, पण फलकावर एक झाड इतकं ओणवलं होतं की पानांखेरीज काही दिसेना. त्याच्या पुढे दुसरा फलक होता. त्यावर एक बाण होता आणि तो सरळ किल्ल्याच्या दरवाजात शिरत होता.

जावयाने तोंड उघडलं. मागून बायकोचं बोट त्याच्या खांद्यात रुतलं. त्याने तोंड मिटलं.

"बाण आहे," सासरे म्हणाले. "बाण म्हणजे नियम." आणि गाडी आत घातली.

दरवाजा कसला, दगडी बोगदाच होता तो. तोंडाशी ऐसपैस, आत जाईल तसा निमुळता. शत्रू अडकावा म्हणून ज्या कुणी तो बांधला होता, त्याचं डोकं नक्कीच चांगलं चालत असणार. बोगदा संपायला हातभर उरलं असताना दोन्ही आरसे टकटक करून मिटले आणि गाडी थांबली. डावीकडे दगड, उजवीकडे दगड. मध्ये चार बोटं जागा. एकही दार उघडेना.

"आता बोलू का?" जावयाने विचारलं.

"आता काय उपयोग!" बायको म्हणाली.

किल्ल्याला दार हे एकच. आतल्या चौकात त्या वेळी बायकांची एक सहल आली होती, सगळ्या साठी उलटलेल्या, सगळ्यांच्या गळ्यात लोकरीचे मफलर. त्यांची बस पायथ्याशी उभी होती आणि निघायची वेळ झाली होती. त्या दरवाजाकडे आल्या तर दरवाजात गाडी, आणि गाडीत चार माणसं काचेतून बघताहेत. तिकिटं देणारी बाई धावत आली. तिने शिट्टी फुंकली, पण शिट्टी फुंकून पुढे काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "इथे गाडी आणायला मनाई आहे!"

"बाण होता," सासरे काचेच्या फटीतून म्हणाले.

"तो चालणाऱ्यांसाठी!"

"आम्हीही चालतच होतो. जवळजवळ."

जावई मागच्या सीटवरून सरपटत डिकीत गेला आणि डिकी उघडून बाहेर पडला. बायकोला हसू आवरत नव्हतं म्हणून ती आतच बसून राहिली. सासूबाईंना त्याने हात दिला, तर त्या म्हणाल्या, "डिकीतून बाहेर पडायला मी काय सामान आहे? जाईन तर दाराने जाईन." आणि त्यांनी शांतपणे डबा उघडून अंडी सोलायला घेतली.

आता उलटं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि रिव्हर्स हाच तर सासऱ्यांचा कच्चा विषय. तिन्ही वेळा ते त्यावरच नापास झाले होते. पुढे जाताना ते चाक बरोबर वळवत, मागे जाताना हमखास उलट.

"बाबा, तुम्ही मागे सरका, मी डिकीतून येऊन चालवतो," जावई ओरडला.

आत सासऱ्यांनी पट्टा घट्ट ओढून घेतला. मग त्यांचा आवाज आला, "नको. मी घातली, मीच काढीन."

त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी पुढेच उसळली. मफलरवाल्या बायका किंचाळत पांगल्या. मग एकच कल्ला सुरू झाला. एक म्हणे डावीकडे घ्या, दुसरी म्हणे उजवीकडे, जावई मागून ओरडतोय भलतंच, तिकीटवाली शिट्टी फुंकतेय. सासऱ्यांचं कपाळ घामाने चमकायला लागलं. दोन्ही हातांनी चाक धरून ते समोर बघत राहिले, शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या मुलासारखे.

तेवढ्यात त्या बायकांमधली एक धिप्पाड बाई पुढे आली. बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "गप्प! सगळ्या गप्प! शिट्टी खाली ठेवा."

सगळं चिडीचूप झालं. बाईंनी बॉनेटवर हात ठेवला, मान वाकवून दोन्ही बाजूंच्या फटी बघितल्या आणि मैत्रिणींना सांगितलं, "पायाळू आहे."

"अगं बाई!" सगळ्या एकदम हळहळल्या.

तेव्हा उलगडा झाला. या सगळ्या एकाच इस्पितळाच्या प्रसूती विभागातल्या निवृत्त परिचारिका होत्या, आणि धिप्पाड बाई त्यांच्या मुख्य. त्या बॉनेटवर ओणवून, समोरच्या काचेशी तोंड नेऊन सासऱ्यांशी बोलायला लागल्या. आवाज असा मऊ की जावयालाही मागे उभ्या उभ्या बरं वाटलं.

"घाबरलात?"

"हो," सासरे म्हणाले. असं त्यांनी आजवर कबूल केल्याचं सासूबाईंनाही आठवत नव्हतं. त्यांनी अंडं खाली ठेवलं.

"घाबरायचं नाही. आजवर आत कुणी राहिलेलं नाही. श्वास घ्या. आता एकाच माणसाचं ऐकायचं. कुणाचं ऐकणार?"

सासऱ्यांनी वळून मागच्या काचेतून पाहिलं. "सरांचं," ते म्हणाले.

जावई डिकीशी वाकला. तो म्हणाला, "बाबा, चाकाचा विचारच सोडा. लिफ्ट समजा. फक्त खाली न्यायचीय. चाक सरळ, हात सैल. मी सांगेन तेव्हा थेंबभर."

"कळ आली की दाबा, गेली की सोडा," बाईंनी पुस्ती जोडली.

गाडी थेंबभर मागे आली. थांबली. पुन्हा थेंबभर. डावा आरसा दगडाला खसकन घासला तशी सगळ्यांनी श्वास रोखला.

"काही नाही, काही नाही," बाई म्हणाल्या. "तेवढं होतंच."

"चाक किंचित माझ्याकडे, बाबा. माझ्याकडे म्हणजे आईंच्या डब्याकडे."

हे सासऱ्यांना बरोबर समजलं. गाडी डब्याकडे झुकली, भिंतीपासून सुटली आणि पुन्हा मागे सरकू लागली. एकदा तर त्यांनी आपण होऊन थांबवून, आपण होऊन चाक सरळ केलं. जावई काहीच बोलला नाही; या वेळी कुणी खांद्यात बोट रुतवलं नव्हतं तरी. मागची चाकं उजेडात आली, मग पुढची, मग चेपलेल्या आरशांसकट अख्खी गाडी वाळलेल्या पानांवर येऊन उभी राहिली.

"बाळ-बाळंतीण सुखरूप!" आतून बाई गरजल्या आणि सगळ्या परिचारिकांनी टाळ्या पिटल्या.

सासूबाई दाराने उतरल्या. सासरेही उतरले आणि बॉनेटला टेकले. बोगद्यातून बाहेर पडणारी प्रत्येक बाई त्यांच्या पाठीवर थोपटून जात होती. शेवटी मुख्य बाई आल्या. त्यांनी सासऱ्यांची नाडी बघितली, सासूबाईंनी दिलेलं अंडं उभ्या उभ्या खाल्लं आणि म्हणाल्या, "आज यांना गोड चहा द्या. आणि रागावू नका."

"छे, मी कशाला रागावू?" सासूबाई म्हणाल्या. "मला आधी किल्ला बघायचाय."

किल्ला त्यांनी पुरा बघितला. बुरूज, तळघर, विहीर, सगळं. तिकीटवाली बाई हाताला धरून फिरवत होती. बहुधा हे कुटुंब एकदाचं परत जावं म्हणून. वरच्या दिवाणखान्यात उभं राहून सासूबाईंनी छताकडे पाहिलं, लांबलचक भिंतींवरून नजर फिरवली आणि नाक मुरडलं.

"एवढं झाडायचं कोणी? आणि वारा बघा कसा आत येतोय. लांबूनच बरा दिसत होता."

"म्हणजे आवडला नाही?" सासऱ्यांचा चेहरा पडला.

"किल्ला नाही आवडला," त्या म्हणाल्या. "येणं आवडलं. पुढच्या रविवारी कुठे नेताय?"

ऊन कलायला लागलं तसे ते निघाले. गाडीशी येऊन सासऱ्यांनी किल्ली जावयापुढे धरली. जावयाने ती घेतली नाही. शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि पट्टा लावला.

"चला, बाबा. आता उतार आहे."

दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत जावयाचा डोळा कधी लागत नसे; धंद्याची खोड. त्या दिवशी घाट संपायच्या आत तो घोरायला लागला. सासऱ्यांनी मागच्या दोघींना दटावलं, "हळू बोला, सर झोपलेत," आणि तीच मेंढरं पुन्हा आडवी आली तरी हॉर्न वाजवला नाही. कळप निवांतपणे पार होईपर्यंत ते वाट बघत बसले.

घर आलं तेव्हा गाडीचं एक चाक शेजारणीच्या शेवंतीच्या ताटव्यात होतं. सासऱ्यांनी खिडकीतून वाकून ते पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "राहू दे. उठले की विचारू, कसं काढायचं ते."