कमरेची दोरी

वाटूरच्या धर्मराजच्या घरी लाकडी बाहुल्यांचा खेळ होता, आणि त्या खेळात एकच बाहुली नवरीची लेकुरवाळी आणि लेकुरवाळीची म्हातारी होत असे. पडद्याआड तिच्या कमरेच्या दोरीला एक गाठ मारली की पाठ जराशी वाके, दुसरी मारली की ती पार कमरेत दुमडे, आणि मग सून तिला भाकरी वाढायला विसरली की पुढ्यातल्या बाया पदराने डोळे टिपत. रझाकारांच्या धामधुमीआधीची ही गोष्ट. तेव्हा परतूरपासून जांबपर्यंत या खेळाला तोड नव्हती.

ही बाहुली धर्मराजची आई गोजरबाई नाचवायची. खेळ संपला की दोन्ही गाठी सोडूनच ती बाहुलीला पेटीत निजवायची; घराण्याची तशी रीतच होती. तिची स्वतःची पाठ मात्र नातवंडांची लग्नं झाली तरी ताठ. म्हातारीने मुसळ गिळलंय, अशी गाव थट्टा करी. पुढे हात थरथरू लागले तेव्हा तिने दोऱ्या लेकाच्या हाती दिल्या.

जांबच्या जत्रेत वावटळ सुटली, पडदा उडाला, आणि घाईघाईत धर्मराजने बाहुली गाठींसकट पेटीत कोंबली. सकाळी गोजरबाई अंथरुणातून उठली ती कमरेत दुमडून. वैद्याने हात टेकले. धर्मराजला काय सुचलं कोण जाणे, त्याने पेटी उघडून गाठी सोडल्या, आणि मागे वळून पाहतो तो माय ओसरीवर सरळ उभी. त्याने बाहुलीला हात जोडले.

गोजरबाई मात्र मटकन खाली बसली. “राहू द्यायच्या व्हत्या रे गाठी,” ती म्हणाली. “लई थकले मी. आता जाऊ दे मला.”

“असं बोलू नको, माय. बिलकुल न्हाई.”

त्या दिवसापासून त्याने गाठ मारणंच सोडलं. खेळात नवरी नवरीच राहू लागली. म्हातारी कुठाय म्हणून लोक विचारत आणि कंटाळून उठून जात.

“अर्धाच खेळ करून राह्यले तुमी,” त्याची बायको पुष्पाबाई एकदा म्हणाली, “आन् सासूबाईंकडं बघा तरी जरा.”

तो बघतच होता. मायचे केस मुळापासून काळे होत होते, गालावरच्या सुरकुत्या विरल्या होत्या, आणि साठीकडे झुकलेला धर्मराज देवळात उभं राहावं तसा त्या चेहऱ्यासमोर उभा राही. भीती वाटायची, नाही असं नाही. पण माय राहिली होती, एवढं त्याला पुरेसं होतं.

एका दुपारी तो ओसरीवर टेकला तशी ती लगबगीने दाराआड सरकली, पदर कपाळाखाली ओढला आणि जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, “मामंजी, मला माहेरी न्यायला कोनी आलं न्हाई का?”

जिने आपल्याला लहानाचं मोठं केलं तिच्या डोळ्यांत आपण कुठेच नाही, हे त्याला सोसवेना.

“येतील, पोरी,” तो कसाबसा म्हणाला, आणि आत जाऊन पेटी उघडून बसला.

पहिली गाठ बसली तसा बाहेरून मायचा त्याच्या लहानपणीचा आवाज आला.

“धर्मा, जेवलास का रे?”

त्याने दुसऱ्या गाठीचा फास बोटांत धरला. ‘आता जाऊ दे मला,’ असं ती म्हणाली होती. मग तो “जेवलो, माय,” म्हणाला आणि दोरी ओढली.