आबांच्या नावाला चौसष्ट बाइट

बारामतीतल्या आमच्या कंपनीत रोपवाटिकेला वेळेवर पाणी देणारी पेटी बनते. पेटीत लिनक्स ही संगणकप्रणाली, आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. मोबाइलवरून मजकूर आला की आमचा प्रोग्राम कर्नलला फक्त मजकुराचा मेमरीतला पत्ता आणि लांबी सांगतो: इथून एवढं उचला. कर्नलने त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. आपल्या जागेत मावतंय का ते आधी बघायचं, नसेल तर तोंडावर नकार द्यायचा. कारण पडदा, घड्याळ, पाण्याचा व्हॉल्व्ह, सगळा कारभार त्याच्याच हातात. ही तपासणीची ओळ मी लिहिली होती. पडद्यावरच्या नावाला जागा चौसष्ट बाइट, एका अक्षराला तीन, म्हणजे काना-मात्रा सुटे मोजून मराठी एकवीस अक्षरं.

पहिल्या पेटीचं उद्घाटन कन्हेरीत, माझ्या भागुबाई आत्याच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीखालच्या रोपवाटिकेत ठरलं. आत टोमॅटोची वीस हजार कोवळी रोपं. वर्षभराची तिची सगळी भिस्त त्यांच्यावर. आदल्या दिवशी मालक मोहनरावांनी पाहुण्यांचं नाव टाकून बघितलं: ‘जलसम्राट, युवकांचे आधारस्तंभ, माजी सरपंच मा. श्री. म्हस्कूआबा’. पेटीने कळवलं, नाव लांब आहे.

“आबांच्या नावाला लांब म्हणती व्हय गं ज्योत्स्ना, तुझी पेटी?”

“सर, ‘युवकांचे आधारस्तंभ’ तेवढं काढू या. आबा चौऱ्याहत्तरचे आहेत.”

“ते काढलं तर आबा पानावर बसायचे न्हाईत. ती तपासणीच काढ. प्रोग्राम आपला, पेटी आपली. आपल्याच माणसाला दारात आडवायचं?”

मला कायम करण्याचं पत्र त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडलं होतं. मी ओळ काढली. पुन्हा चाचणी घ्यायला वेळ नव्हता, बॅनर छापायचा होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी बटण दाबलं. पडद्यावर पदव्या झळकल्या. चौसष्टच्या पुढचं सगळं कर्नलच्या शेजारच्या जागेत सांडलं आणि अख्खी पेटी गोठली. फवारे बंद, टाळ्या चालू.

मी पेटी बंद करून चालू करायला गेले, तर सरांनी हात धरला. “आगं, नाव जाईल की! फोटो व्हायचाय. आबा जेवून आले की कर काय करायचं ते.”

आबा जेवून आले तीन तासांनी. एप्रिलचं ऊन होतं. आत्या त्याच पाहुण्यांसाठी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. पाणी चालू हाय ना, असं तिने एकदा विचारलं. मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर भाकरी तव्यावर टाकून ती पाइप घेऊन धावली असती. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

फोटो झकास आला. मागच्या ट्रेमधल्या रोपांनी माना टाकल्यात, पण बघणाऱ्याचं लक्ष पदव्यांवरच जातं. मला पत्रही मिळालं.

संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. ती वाळलेले ट्रे एकावर एक ठेवत ऐकत राहिली. मग विचारलं, “माझं नाव टाकलं असतं, तर बसलं असतं का गं?”

“बसलं असतं, आत्या.”

एकवीस बाइट लागले असते. त्रेचाळीस रिकामे राहिले असते.