एका वाक्यापुरती वीज

मी यूपीएस बोलतोय. हो, तोच टेबलाखालचा काळा खोका, ज्याला पाय लागला तर माणसं उलट त्यालाच शिव्या घालतात. वीज गेली की कॉम्प्युटर फटकन बंद पडू नये म्हणून थोडा वेळ मी तो माझ्या बॅटरीवर धरून ठेवतो. बाकीचं सगळं आयुष्य नुसतं बसून असतो. माझी आठवण येते ती अंधार झाल्यावर, आणि दिवे आले की गरज सरो, वैद्य मरो.

आज मात्र मी टेबलाखाली नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मला उताणं ठेवलंय. झाकण काढलंय, पोट रिकामं केलंय. अशा अवस्थेत कुणी गप्प बसत नाही, मीही बसणार नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमधला. तिथे एका बाईने माझे स्क्रू आवळले, मला विजेला जोडलं आणि माझा हिरवा दिवा लागतोय न लागतोय तोच वीज तोडली. मी घाबरून 'पीप' केलं, पण समोरचा बल्ब विझू दिला नाही. "टिकला," असं म्हणून तिने मला पुढे ढकललं. माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि बराच काळ शेवटची शाबासकी.

या घरात मला आणलं ते धाकट्याने. या घरात चार माणसं होती: आई, बाबा, ताई आणि धाकटा. धाकटा म्हणजे दाढीमिशा आलेला चांगला बाप्या, पण घरात त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. त्याने मला खोक्यातून काढलं, कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा राउटर माझ्यावर लावला आणि म्हणाला, "ताई, याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते हं. विसरशील." ताई म्हणाली, "तू आहेस ना आठवण करून द्यायला."

पण तो घरात राहिला नाही.

बाबांचा प्लॅस्टिकचा छोटा कारखाना होता. बादल्या, डबे, झाकणं. बाबा आजारी पडले तेव्हा धाकट्याने तो हातात घेतला. झाकणांचं मोठं काम चालू होतं. अर्धं झालं असताना त्याला झाकणाचा नवा साचा सुचला. जुन्यापेक्षा खरंच चांगला होता म्हणे. त्याने चालू काम थांबवून मशीनवर नवा साचा चढवला. मशीन पुन्हा जुळवण्यात दिवस गेले, माल वाया गेला, तारीख टळली आणि गिऱ्हाईक गेलं. मग एकामागून एक बाकीचेही गेले आणि कारखान्याला कुलूप लागलं. बाबा सगळ्या कामगारांसमोर त्याला म्हणाले, "तुझ्या हाती कारखाना देण्यापेक्षा मी तो भंगारात घातला असता तर बरं झालं असतं." आई तेव्हा जेवणाचा डबा घेऊन तिथेच दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही.

हे सगळं मला माहीत आहे, कारण धाकट्याने त्याच संध्याकाळी माझ्या डोक्यावर पाय ठेवून हे ताईला सांगितलं. "बाबा बोलले त्याचं काही नाही गं. पण आईसुद्धा?" दुसऱ्या दिवशी तो दूरच्या शहरात निघून गेला. घरचा फोन तो उचलत नाही. आई लावते, रिंग वाजत राहते, आई ठेवून देते.

एक धागा तेवढा राहिला होता. खेळाचा.

खेळ युद्धाचा. माणसं आपापल्या घरी बसून एकेक देश वाटून घेतात आणि सगळी मिळून एकच महायुद्ध लढतात. ताई आणि धाकटा एकच देश दोघांत चालवत. सैन्य धाकट्याकडे, कारखाने ताईकडे. कुठल्या कारखान्यात बंदुका करायच्या, कुठल्यात ट्रक, पोलाद कुणाला किती, तेल कुठून आणायचं, रबर कुणाकडून मागायचं, हे सगळं ताई बघायची. ती पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या फॅक्टरीत असंच काम करते, त्यामुळे हातात बसलेलं होतं. पण ही वाटणी केली होती धाकट्याने. "कारखाने तूच घे. माझ्या हाताला कारखाना लाभत नाही," म्हणाला होता.

त्याने अट घातली होती. बोलायचं ते खेळातलंच. घरचा विषय निघाला की तो जाणार.

नकाशा मी कधी पाहिला नाही. मी पडलो टेबलाखालचा. पण कान शाबूत होते. दर रविवारी दुपारी बाबा त्यांच्या घड्याळवाल्या मित्राच्या दुकानात जाऊन बसत आणि इकडे ताई स्पीकर मोठा करून खेळायला बसे. धाकट्याचा आवाज खोलीत यायचा. "ताई, पुलावर बंदुका कमी पडतायत!" "ताई, ट्रक कुठायत?" हळूच आई येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायची, मांडीवर मटारच्या शेंगा घेऊन. ती ऐकतेय हे धाकट्याला माहीत नव्हतं. ताईनेही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी आईने विचारलं, "रबर कसलं मागतोय तो?"

ताईने आपला माइक बंद केला. "ट्रकच्या टायरला, आई."

"मग दे की त्याला."

"असतं तर दिलं नसतं का?"

पुढे पुढे आई तयार झाली. संध्याकाळी भांडी विसळताना विचारायची, "आज पोलाद पुरलं का गं?" एकदा बाबांनी ऐकलं आणि विचारलं, "कसलं पोलाद?" तेव्हा दोघी मायलेकी भिंतीकडे बघत राहिल्या.

युद्ध मात्र हाताबाहेर चाललं होतं. रबर यायचं त्यांच्या एका मित्रदेशाकडून. तो देश चालवायचा एक दातांचा डॉक्टर. भला माणूस, पण रविवारीसुद्धा दाढ दुखणारी माणसं त्याला गाठायची. "दोन मिनिटं हं, एक दाढ काढून येतो," म्हणून तो उठला आणि मागे शत्रूच्या पाणबुड्यांनी त्याची सगळी मालवाहू जहाजं बुडवली. परत येऊन म्हणतो, "अरेच्चा! दाढ निघाली, पण जहाजं गेली वाटतं." धाकटा त्या दिवशी हसला नाही. रबर नाही म्हणजे ट्रक नाहीत, ट्रक नाहीत म्हणजे आघाडीवर दारूगोळा नाही. ताईने विमानांचं रबर काढून ट्रकना दिलं, तोफांचं पोलाद काढून बंदुकांना दिलं. सगळी सोंगं आणता येतात, पण नसलेल्या मालाचं सोंग आणता येत नाही.

त्या रविवारी उठताना धाकटा म्हणाला, "हा देश पडला ना ताई, की मी थांबणार. नवा डाव मांडायचा नाही. फार झालं आता."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तेव्हापासून ताईने जिंकायचा विचार सोडला. पडायचं नाही, एवढंच. देश टिकला तर रविवार टिकणार होता, आणि रविवार टिकला तर आईला पोराचा आवाज मिळणार होता. ऑफिसमधून आली की ती हातावर हिशेब मांडत बसायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. देशभराच्या तेलारबराची काळजी करणाऱ्या या बाईच्या पायाशी माझी बॅटरी फुगून माझ्या बरगड्या फाकवत होती. मी रोज पीप पीप करून सांगत होतो. आईने एकदा माझ्यावर फडकं टाकलं. म्हणे, "कटकट करतंय मेलं."

मग मागचा रविवार आला. रस्त्यावर केबलसाठी खोदकाम चालू होतं आणि आभाळ भरून आलं होतं.

खेळात सगळंच बिनसलं होतं. शत्रू राजधानीच्या वेशीवर. धाकट्याची निम्मी फौज वेढ्यात, रणगाडे तेलावाचून जागच्या जागी उभे. दातांचा डॉक्टर शरण गेला होता.

"ताई, नव्या रणगाड्याचा आराखडा तयार झालाय ना? लाइन बदल. सगळ्या कारखान्यांत तोच घे."

"मध्येच लाइन बदलली तर कारखाने पुन्हा पहिल्यापासून शिकतील. तोवर एक बंदूकसुद्धा बाहेर पडायची नाही."

"बदल गं! जुन्या मालावर किती दिवस लढू?"

ताई कातावलेली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "अर्ध्यात साचा बदलला की काय होतं ते तुला मी सांगायचं?"

 स्टुलावर आईने डोळे मिटून घेतले. धाकट्याचा आवाज आला, अगदी सपाट. "बरोबर आहे तुझं. पडू दे राजधानी. मग मी निघतो, ताई. पुन्हा बोलावू नकोस."

आणि त्याच क्षणी वीज गेली.

पंखा थांबला. सगळा भार माझ्यावर आला. काय सांगू, पोटात आग पडली. हा खेळ साधासुधा नाही, कॉम्प्युटरला नुसती वीज ओरपायला लावतो. मी जिवाच्या आकांताने ओरडायला लागलो. खाली वाकून ताईने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. लाल दिवा. फुगलेलं पोट. ती कारखाने चालवणारी बाई. किती शिल्लक आहे आणि किती जळतंय, हे तिला एका नजरेत कळलं.

"आई, दोन-तीन मिनिटं आहेत फार तर," ती म्हणाली.

मला वाटलं, ती आता शेवटच्या बंदुका पाठवेल. एवढे महिने ज्याच्यासाठी जीव टाकला तो देश वाचवेल. पण तिने खेळच बंद केला. सरळ बाहेर पडली. कारखाने, पोलाद, राजधानी, सगळं सोडून दिलं. मग स्क्रीन बंद केला. एकमेकांशी बोलायची इंटरनेटवरची खोली खेळापासून वेगळी असते, तेवढी चालू ठेवली. माझ्यावरचा भार एकदम उतरला. मला श्वास घेता आला.

"ताई? गेलीस तू?" स्पीकरमधून धाकट्याचा आवाज. "ताई, कारखाने कुणी बघायचे?"

ताईने माइक आईपुढे धरला. आईने मान हलवली. नाही, नाही. ताई माइक धरून राहिली. मी ओरडत होतो.

आई माइककडे झुकली. तिला सुरुवात कुठून करावी तेच कळेना. ती म्हणाली, "ट्रक निघालेत रे. थोडं थांब."

 पलीकडून हळू आवाजात, "...आई?"

"हो."

"तू काय करतेयस तिथे?"

"दर रविवारी असते. रबर नव्हतं तेव्हाही होते." आईने माइक ताईच्या हातातून घेतला. "मी त्या दिवशी डबा घेऊन दारात उभी होते. बोलायला हवं होतं मी. माझं पोर उभं जळत होतं आणि मी डबा सांभाळत बसले. चुकलंच माझं."

माझ्यात फार थोडं उरलं होतं. माझ्या त्या शेडमधल्या बाईची शपथ, मी तळ खरवडून काढला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. नाक ओढल्याचा आवाज आला.  आणि मग तो म्हणाला, "आई, बाबा—"

आणि मी संपलो.

काय म्हणणार होता तो? बाबा कसे आहेत? बाबांना सांगू नकोस? बाबांना दे? मला माहीत नाही, ताईला माहीत नाही. आई त्या गप्प स्पीकरसमोर तशीच बसून राहिली. वीज दिवेलागणीनंतर आली. तोवर स्क्रीनवर धाकट्याच्या नावापुढचा, तो हजर असल्याचा हिरवा दिवा गेला होता. ताईने निरोप पाठवले, ते त्याने उघडलेसुद्धा नाहीत. वीज गेल्यामुळे आवाज तुटला, हे त्याला कोण सांगणार? त्याला वाटलं असेल, बाबांचं नाव काढलं आणि आईने बंद केलं.

त्या संध्याकाळी आईने बाबांना सगळं सांगितलं. खेळ, रविवार, मटार, सगळं. बाबांनी एवढंच विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"घेतलं. पुढचं कळलं नाही. हे बंद पडलं."

बाबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं.  मग आठवडाभर येता-जाता वाकून बघत राहिले.

आज सकाळी त्यांनी मला उचलून इथे आणलं, चष्मा लावला आणि माझे स्क्रू काढले. स्क्रू हरवू नयेत म्हणून ते प्लॅस्टिकच्या एका झाकणात ठेवले. पिवळं झाकण आहे, अजून माझ्या शेजारी पडलंय. स्क्रू टाकण्याआधी त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं, जवळच्या डब्यावर लावून पाहिलं. धाकट्याच्या त्या नव्या साच्यातून निघालेलं असावं. "बसतं चांगलं," ते स्वतःशीच पुटपुटले. मग माझी फुगलेली बॅटरी पिशवीत घातली आणि तसलीच दुसरी शोधायला बाहेर पडले.

अजून आले नाहीत. रविवारी अर्धी दुकानं बंद असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तहान लागल्यावर विहीर खणणारं घर आहे हे, काय करणार. सकाळपासून वीज सारखी जातेय आणि येतेय. ताईने कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या विजेवर लावलाय. धाकट्याच्या नावापुढे अजून दिवा नाही. आई स्टुलावर आहे, आज तिच्या मांडीवर काही नाही.

बाबा, लवकर या हो. नवी मिळाली नाही तर जुनी आणा, कुणाची वापरलेली आणा. तो आला आणि वीज गेली, तर यावेळी मला उभं राहायचंय. जास्त नको मला. त्याच्या त्या एका वाक्यापुरती ताकद द्या, मग खुशाल भंगारात घाला.