प्रतिसादक क्रमांक सात

समाजशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला पोचलेली मुलं एका बाबतीत पार बिघडलेली असतात. त्यांना माणसं दिसायची बंद होतात, नुसत्या भूमिका दिसतात. हिचंही तसंच झालं होतं. मावशीनं सकाळी भांडी आदळायला सुरुवात केली की ही अंथरुणातच मनाशी म्हणायची, घरकामाची असमान विभागणी. उठून भांड्यांना हात लावायचं मात्र तिच्या मनात यायचं नाही.

त्या दिवशी तास संपल्यावर संशोधन पद्धती शिकवणाऱ्या मॅडमनी तिला थांबवलं. "लॉन्ड्रीतून फोन होता. मॅनेजरनी तुझा अहवाल वाचलाय. दुपारी भेटायला बोलावलंय तुला." मॅडम खुशीत होत्या. "एरवी विद्यार्थ्यांचं कोण वाचतं गं? मीसुद्धा चाळतेच."

ती हसली, वही पिशवीत कोंबली, आणि जिन्यात आल्यावर अहवालाची आपली प्रत काढून पुन्हा वाचायला लागली.

ही लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा मोठा कारखाना होता तो, आणि तिथल्या कामगार बायकांवर तिनं चार महिने अभ्यास केला होता. बायकांनी तिचं नाव 'प्रश्नावली' पाडलं होतं. परवानगी देताना मॅनेजरनी एकच अट घातली होती, अहवालाची एक प्रत आम्हाला हवी. मॅडमनी ती पाठवली होती. एक गोष्ट मात्र मॅडमनाही ठाऊक नव्हती आणि मॅनेजरनाही. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर एकोणीस वर्षं उभी असलेली बाई हिची सख्खी मावशी होती, आणि आई गेल्यापासून हिला तिनंच वाढवलं होतं. नात्यातल्या माणसाची मुलाखत चालत नाही, म्हणून कारखान्यात एकमेकींना ओळख द्यायची नाही असं दोघींनी ठरवलं होतं.

मावशीची मुलाखत घरीच झाली, भाजी चिरता चिरता.

"वय?"

"तुला माहीत नाही होय?"

"मावशी, प्रश्न मी विचारणार."

"मग विचार की. अठ्ठेचाळीस. आणि जेवायला काय करू तेही विचारून टाक एकदाचं."

असं हसतखेळत चाललं होतं. अपघातांचा प्रश्न आला तेव्हा मावशीनं सुरी खाली ठेवली. यंत्राला दोन तापलेले रोलर असतात, ती म्हणाली. ओली चादर दोन्ही हातांनी त्यांच्यात सरकवायची. अलीकडे एक दांडी असते. हात पुढे गेला की दांडीला लागतो आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. पण ते जरा धक्क्यानंही थांबायचं, काम खोळंबायचं, म्हणून सुपरवायझरनं दांडी तारेनं वर बांधून टाकली होती. मग एका नव्या मुलीची चार बोटं आत गेली. कागदावर मात्र घरी स्टोव्हनं भाजलं असं लिहून घेतलं.

"मीच ओढून काढलं तिला," मावशी म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर उभी राहिले. हे लिहू नकोस पण."

हिनं लिहिलं. एवढी मोठी गोष्ट हाती लागल्यावर शिकलेल्या माणसाला ती पोटात ठेवता येत नाही. मावशीला धक्का लागू नये याची काळजी मात्र तिनं अगदी पुस्तकात सांगितलीय तशी घेतली. माहिती देणाऱ्याची ओळख पुसायची, तपशील बदलायचे. मावशी झाली प्रतिसादक क्रमांक सात. विधवा होती, तिला नवऱ्यानं टाकलेली केलं. भाचीच्या जागी दोन मुली दिल्या. एकोणीस वर्षांची अकरा केली, आणि यंत्राऐवजी तिला घड्या घालायच्या टेबलावर नेऊन बसवलं, यंत्रासमोरच. तपशील बदललेत एवढं तिनं मॅडमना तोंडी सांगितलं होतं; या चलाखीबद्दल त्यांनी समासात 'उत्तम' असं लिहिलं होतं, आणि ही चार दिवस तरंगत होती.

आता लॉन्ड्रीच्या फाटकातून आत जाताना तिनं ते सगळं पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. वर्षं बदललीत. मुलं बदललीत. मावशी कुठूनही दिसत नाही. आणि दिसलीच तर? मावशीचं काम गेलं तर या वयात तिला दुसरीकडे कोण उभं करणार, आणि ते काम आपण घालवलं हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

मॅनेजर आवाज न चढवणारे गृहस्थ होते. अशा माणसांची भीती जास्त वाटते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. अहवाल टेबलावर उघडा होता आणि पेन्सिलनं एका परिच्छेदाभोवती चौकोन काढला होता.

"छान लिहिता तुम्ही," ते म्हणाले. "हा भाग मी तीनदा वाचला. क्रमांक सात."

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "नावं द्यायची नसतात, सर. तो नियम आहे आमचा."

"नाव नकोच आहे मला. ते मला मिळालंय." त्यांनी घंटी वाजवली. "बोलावून घ्या त्यांना," ते दारातल्या शिपायाला म्हणाले.

त्या दोन मिनिटांत तिनं मावशीची शंभर वेळा माफी मागितली. दार उघडलं तेव्हा तिला वर बघवेना. मग पावलं ऐकू आली, घासत येणारी, बिचकत येणारी, आणि ती मावशीची नव्हती.

दारात हळूबाई उभी होती. घड्यांच्या टेबलावरची. ती कुणाशी बोलत नसे, बोललीच तर ऐकू जात नसे, म्हणून हे नाव. चार महिन्यांत हिनं तिला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तिनं हात जोडले होते. "मला काही विचारू नकोस पोरी, दोन मुली आहेत मला."

दोन मुली. हिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. नवऱ्यानं टाकलेली, अकरा वर्षं, घड्यांचं टेबल. हे तपशील तिनं कल्पनेनं काढले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या गप्पांतून ते कधीतरी कानावर पडले होते. मावशीला लपवायला बसली तेव्हा ते आपोआप हाताशी आले, आणि तिला वाटलं आपल्याला सुचलं. मावशीला लपवण्याच्या नादात तिनं हळूबाईला उघडं पाडलं होतं.

"अकरा वर्षं सांभाळलं तुम्हाला," मॅनेजर हळूबाईला म्हणाले, "आणि तुम्ही बाहेरच्या माणसाजवळ असं बोलता. उद्यापासून येऊ नका."

हळूबाईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "साहेब, मी हिच्याशी बोललेसुद्धा नाही," ती म्हणाली, आणि यावेळी तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. "विचारा हिला. सांग की गं त्यांना."

"सांगा," मॅनेजर म्हणाले. "या नसतील तर कोण ते सांगा. मी चूक दुरुस्त करीन."

भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. या नाहीत, एवढंच म्हटलं तर ते पुन्हा शोधायला बसणार. यंत्राजवळच्या बायका कितीशा? सहा. त्यांतली त्या मुलीला ओढून काढणारी कोण, हे तर सुपरवायझरलाही माहीत होतं. गप्प राहावं, तर या बाईच्या दोन मुली. तीन वर्षांत तिनं संरचना शिकली होती, सत्ता शिकली होती, परीक्षेत दोन्हींवर पानंच्या पानं लिहिली होती. समोरची बाई 'सांग की गं' म्हणते तेव्हा काय सांगायचं हे कुठल्याच प्रश्नात आलं नव्हतं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कुणीच सांगितलं नाही मला. मी बनवलं ते. मार्कांसाठी."

मॅनेजरनी अहवाल मिटला. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं, हे तिला दिसत होतं. पण ते सोयीचं आहे हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "असं लिहून द्या. दांडी बांधलेली नाही, अपघात झालेला नाही, मजकूर काल्पनिक आहे. एक प्रत तुमच्या मॅडमना जाईल. एक इथे राहील. कुणी तपासणीला आलंच कधी, तर उपयोगी पडेल."

तिनं लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की सही तिची तिलाच ओळखू येईना. वर्ष गेलं, मॅडम पुन्हा तोंड बघणार नाहीत, हे सगळं तिला कळत होतं, आणि तरी लाज वाटावी इतकं तिला सुटल्यासारखं झालं. मावशी वाचली. हळूबाई वाचली. ती तर आभारसुद्धा न मानता, भिंतीला धरून, आपल्या टेबलाकडे निघून गेली.

बाहेर पडायची वाट यंत्रांच्या हॉलमधूनच होती. आत वाफ होती, ओल्या कापडाचा वास होता, आणि मोठ्या यंत्रापाशी मावशी उभी होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता. ठरल्याप्रमाणे तिनं ओळख दिली नाही, फक्त भुवई जराशी उचलली, घरी लवकर ये अशी.

दांडी वर होती. तारेचे तीन वेढे, वर पीळ. इतक्या जवळून तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. ही तार इथे नाही असा कागद आता ऑफिसच्या कपाटात होता, आणि त्यावर तिची सही होती. उद्या काही झालं, तर घरी स्टोव्हनं भाजलं असंच लिहिलं जाणार होतं, आणि नाही म्हणायला ती मोकळी राहिलेली नव्हती.

"प्रश्नावली, बाजूला हो गं, भाजशील," कुणीतरी ओरडलं. बायका हसल्या.

ती हलली नाही. मावशीनं चादर उचलली, कडा जुळवल्या आणि दोन्ही हात रोलरपाशी नेले. हात मागे आले. हिनं श्वास सोडला. मावशीनं पुढची चादर उचलली.