शल्लूमचा बोकड

परक्या राजाच्या अंमलदाराने वेशीजवळ चूल मांडली आणि हुकूम सोडला: प्रत्येकाने सगळ्यांदेखत, आमच्या धर्मात निषिद्ध असलेल्या डुकराच्या मांसाचा एक घास खायचा. नाही म्हणणाऱ्याची सोय बघायला शेजारी तलवारवाला उभा होता.

ओळीत पहिले मत्तन्याआबा. ते वेशीवर बसून शास्त्र वाचायचे, पोरांना शिकवायचे. डुक्कर हा त्यांचा लाडका धडा. शास्त्राप्रमाणे खूर दुभंगलेले असून रवंथही करतं तेच जनावर शुद्ध; आणि डुक्कर? रवंथ करत नाही ते नाही, वर निजताना दुभंगलेले खूर पुढे पसरतं, की बघा, मी किती शुद्ध! हे सांगताना आबा स्वतःचे पाय पसरून दाखवत आणि पोरं खिदळत.

त्या दिवशी आबांनी घास घेतला, चावला, गिळला. चुलीपाशी अंमलदाराने त्यांच्याच भाच्याला, शल्लूमला, जुंपलं होतं. त्याने मामाच्या हातावर गुपचूप बोकडाचा तुकडा ठेवला. तोंड वाकडं करायचं काम आबांनी चोख केलं. हे शल्लूमने मला सांगितलं ते आबा गेल्यावर.

आबांच्या मागे विधवा हुल्दा उभी होती, दात आवळून. ती मरायचं ठरवूनच आली होती. आबांना खाताना पाहिलं आणि तिने तोंड उघडलं. तिच्या वाट्याला डुकराचंच आलं. तिच्यामागून आम्ही सगळे.

पुढे लढाई झाली, राजाची माणसं पळाली, त्यांनी विटाळलेलं आमचं मंदिर शुद्ध झालं. चुलीवर एक बोकडही होता अशी कुणकुण गावाला लागली, आणि हळूहळू कळलं की त्या दिवशी डुक्कर कोणी खाल्लंच नव्हतं. एका बोकडात एवढं गाव जेवलं, पण लढाईच्या दिवसांत चमत्कार होतातच. माझाही तुकडा बोकडाचाच होता, हे वेगळं सांगायला नको.

पंचांनी ठरवलं, बोकडाचा तुकडा कोणाला दिला त्याचं नाव शल्लूमने शपथेवर घ्यायचं. ज्याचं तोंड विटाळलं नाही, त्यानेच यापुढे वेशीवर शास्त्र वाचायचं. शल्लूमने मामाकडे पाहिलं. आबांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला होता.

तेवढ्यात हुल्दा उठली. "मी डुक्करच खाल्लं. आबांनी खाल्लं म्हणून खाल्लं. म्हटलं, एवढा जाणता माणूस खातोय, म्हणजे जिवासाठी माफ असेल. त्या भरवशावरच झोप लागते मला."

शल्लूमने तोंड उघडलं.

"गप बस रे," आबा म्हणाले. "माझं डुकराचंच होतं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. वाचनाचा मान ज्याचा आवाज मोठा त्याला मिळाला. पंच उठून गेले, जाताना आबांच्या सावलीला वळसा घालून.

हुल्दा तेवढी थांबली. पदराखालची भाकरी तिने मोडली, अर्धी आबांपुढे ठेवली आणि शेजारी बसली.

"तुम्ही होतात म्हणून बरं आबा," ती म्हणाली.

आबांनी भाकरी घेतली. तिच्याकडे काही पाहिलं नाही. सवयीने पुढे पसरलेले पाय त्यांनी हळूच अंगाखाली ओढून घेतले.